बर्फातली पंगत

लोकांना वाटतं, बाई लग्न झालं की मोठी होते. काही नाही हो. लग्न झालं तेव्हा मी नुसती नागपूरहून उठून अमेरिकेत बेलव्ह्यूला आले, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. मोठी झाले ती दुसऱ्या हिवाळ्यात, ज्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना भरल्या ताटावरून उठवलं. आता माझेच गुडघे जिना चढताना कुरकुरतात, डोंगर खिडकीतून बघण्यापुरते उरलेत. पण कोणी तो किस्सा काढला की मी आजही खुर्चीत सरसावून बसते, आणि माझा नवरा समीर हळूच उठून चहा टाकायला जातो. त्याला तो शंभरदा ऐकवलाय, त्याचीही काही चूक नाही.

आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जमिनीचं. वरचा माणूस चालला की आमचा दिवा हलायचा. फोडणी घातली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा, आणि मग समीर लॅपटॉप टाकून खुर्चीवर चढायचा आणि टॉवेलनं त्याला वारा घालायचा. पाहुणे असले तर हिंग-मोहरी जिन्यात नेऊन तडतडवावी की काय, असं वाटायचं. बाहेर पाऊस. पण तो कसला पाऊस, नुसता पाझर! नागपूरच्या माणसाला पाऊस कसा पाहिजे, आला तर धो धो, नाही तर चालता हो. हा बापडा नोव्हेंबरात लागायचा तो कुरकुर करत मेपर्यंत बसायचा, सासुरवाशिणीला पाहायला आलेल्या आतेसासूसारखा. समीर सकाळी आठला ऑफिसात. माझा व्हिसा त्याच्या शेपटाला बांधलेला, नोकरी करायची परवानगी नाही. एमएस्सी फिजिक्स झालेली मी, दुपारी दोन वाजता वरच्या माणसाची पावलं ऐकत भेंडी चिरत बसायची. म्हणून मग लायब्ररी गाठली. तिथे हीटर फुकट, पुस्तकं फुकट, आणि संध्याकाळच्या भाषणांना कॉफी-बिस्किटंही फुकट.

अशाच एका फुकटच्या भाषणाला मी बसले, विषय न वाचता. लिन नावाच्या, उन्हानं रापलेल्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या, आणि विषय निघाला हिवाळ्यात डोंगरात जिवंत कसं राहावं. पहिल्या दहा मिनिटांत मी बिस्किट खायचं विसरले. बर्फाचे थर कसे बसतात, जुन्या कच्च्या थरावर नवीन जड बर्फ पडला की तो कसा नुसता निमित्ताची वाट बघतो, आणि मग एका माणसाच्या वजनानं अख्खा उतार कसा निसटतो. अहो, हे तर फिजिक्स! घर्षण, भार, उताराचा कोन. इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. त्यानंतर मी त्यांच्या डोंगरातल्या सरावालाही गेले. बर्फात पुरलेली बॅग शोधून खणून काढली तेव्हा तर एवढ्यानं ओरडले, की लिनबाईंनी मला गप्प केलं.

त्यांच्या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या. एक, भर जंगलात मध्येच मोकळी जागा लागली की छान म्हणायच्या आधी विचारायचं, इथली झाडं कुठे गेली? बऱ्याचदा ती वरून येणाऱ्या बर्फानंच नेलेली असतात. आणि दुसरी, गटातल्या एकानं जरी नको म्हटलं, तरी सगळ्यांनी थांबायचं, वाद घालायचा नाही. हे ऐकून मात्र मला हसू आलं. आमच्याकडे 'नको' म्हणजे 'अजून दोनदा आग्रह करा'. नको म्हणणाऱ्याच्या पानात आम्ही जिलबी टाकून पुढे जातो. आमच्या लोकांना हा नियम कोण शिकवणार, ना बाप्पा!

त्याच हिवाळ्यात सासू-सासरे पुण्याहून आले. सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. बँकेतून रिटायर झालेले, पण खरी नोकरी सह्याद्रीची. दर रविवारी पोराटोरांना घेऊन किल्ले चढायचे, आणि त्यांचे नियम ठरलेले. सगळ्यांनी मिळून चालायचं, एकट्याला कुठे सोडायचं नाही. नाना सगळ्यात शेवटी. आणि माथ्यावर गोल पंगत बसल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. बेलव्ह्यूतही पहाटे पाचला उठून ते आमच्या कार्पेटवर जोर काढायचे, खालच्या बाईनं काठीनं छत ठोकेपर्यंत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अगदी उलट. बोलायच्या कमी आणि करायच्या जास्त. आल्या आल्या त्यांनी स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली आणि एका फटक्यात आमच्या संसारातला मोठा प्रश्न मिटवला.

नानांना बर्फातला डोंगर बघायचा होता. भोगीच्या सुमाराला तीन दिवस नुसता बर्फ पडला आणि शनिवारी लख्ख ऊन आलं. समीरचा मित्र प्रशांत, त्याची बायको रेवा आणि त्यांची सात वर्षांची ईशा, असे सगळे तय्यार. मी सकाळी वेबसाइटवर हिमलोटाचं बुलेटिन वाचलं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, त्यातली तिसरी होती.

"यार मेघा, पाचात तिसरी. म्हणजे मधली," समीर बूट घालत म्हणाला.

"म्हणजे पास," नाना म्हणाले. परीक्षेशिवाय दुसरं माप आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

"तिसरी म्हणजे बर्फ बिथरलेलाय," मी म्हटलं. "जायचं तर खालच्या झाडीतल्या वाटेनं. झाडीतून जायचं, झाडीतूनच परत यायचं. उघड्या उताराखाली थांबायचं नाही."

"बरं बरं," सगळे म्हणाले. मी फावडं उचललं तेव्हा समीर हसला. "बागकाम करायला चाललीस काय?"

हायवेवरून तासाभरात खिंडीपाशी पोहोचलो. भाड्यानं घेतलेले स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून घालायचे ते रुंद जोडे, पायांना बांधले. नानांनी ते उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "पायात चाळण्या घालून डोंगर चढायचा, हे पहिल्यांदाच." पण चालायला लागले तसे खूश. काय तो दिवस! देवदारांच्या फांद्या बर्फानं वाकलेल्या, मध्येच एखादी फांदी भार झटकून टकन वर जायची आणि ईशा खिदळायची. "आजोबा, इट्स रेनिंग शुगर!" नाना तिला शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगत होते आणि ती मध्येच विचारत होती, "बट डिड ही हॅव अ जॅकेट?" सॅकमध्ये आईंनी अख्खी भोगी भरलेली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, मिसळीची भाजी, लोणी, आणि मी केलेला ठेचा. शिवाय स्टीलची ताटं, कारण नाना कागदाच्या ताटात जेवत नसत.

ईशाच्या पायाचा पट्टा सैल झाला म्हणून मी मागे थांबले. पट्टा बांधून तिला घेऊन पुढे आले, तर झाडी संपली होती. समोर वरच्या कड्यापासून खाली दरीपर्यंत एक रुंद, पांढरा, गुळगुळीत पट्टा. एक झाड नाही. वरच्या उतारावर तीन दिवसांचा बर्फ आणि त्यावर मोठं ऊन. वाट तो पट्टा ओलांडून पलीकडच्या झाडीत जात होती, आणि पट्ट्याच्या बरोबर मधोमध, जिथे जरा सपाट होतं, तिथे आमच्या मंडळींनी ताडपत्री पसरली होती. ताटं मांडली होती. आई वाढत होत्या. जंगलात इतका वेळ सावलीत चालल्यावर असं ऊन, असा नजारा, आणि बसायला सपाट जागा! कोणत्याही मराठी माणसानं तिथेच डबा उघडला असता. दुसरा कोणी तिथून लगबगीनं निघून गेला असता, पण आपल्याला जागा चांगली दिसली की भूक लागते.

मी ईशाला तिथेच झाडीच्या कडेला रेवाच्या हातात दिलं. रेवा फोटो काढत मागे राहिली होती, ते बरं झालं. आणि मी चार पावलं पुढे टाकली तेव्हा पायाखालून आवाज आला. व्हुम्फ! कोणीतरी माळ्यावरून गादी टाकावी तसा, जड, पोटातून आलेला. माझ्या स्नोशूपासून एक बारीक भेग सरसर पुढे गेली. सगळ्यांनी आवाज ऐकला.

"ट्रक गेला वाटतं," प्रशांत म्हणाला. हायवे कुठल्या कुठे राहिला होता.

मला कळलं, तो बर्फाचा थर बसल्याचा आवाज होता. लिनबाईंनी सांगितलं होतं, हा आवाज म्हणजे डोंगरानं दिलेली शेवटची नोटीस. खाली भेग पडली तरी वरचा उतार सुटू शकतो. मी तशीच झपझप ताडपत्रीपाशी गेले. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, भाजीत बुडवला होता, तो तोंडाशी जाणार होता.

"नाना, उठा," मी म्हटलं. "इथून निघायला लागेल. आत्ता."

वाचणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या घरात भरल्या ताटावरून कुत्र्यालासुद्धा उठवत नाहीत. घरात काहीही होवो, जेवणाऱ्याचं जेवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि मी, नवी सून, त्यातून नागपूरची, पाहुण्यांसमोर सासऱ्यांना घासावरून उठवत होते.

"जेवण होऊ दे," नाना म्हणाले. शांतपणे, पण घास हातातच होता.

"नाही नाना. आत्ता."

"मेघा, पाच मिनिटं गं..." समीर.

"पाच मिनिटं नाहीत, समीर!"

"सूनबाई," नाना आता माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून डोंगरात जातोय मी."

"हो नाना. पण हा डोंगर तुम्हाला ओळखत नाही."

"आणि तुला ओळखतो?"

"नाही ना! म्हणून तर घाबरलेय."

कोणी हललं नाही. प्रशांत ताटाकडे बघत राहिला. समीरचा चेहरा असा, की त्यालाच बर्फानं गिळलं तर बरं. मला रडू फुटत होतं, आवाज चिरकत होता, पण मी तिथेच उभी. आणि मग आईंनी भाजीच्या डब्याचं झाकण लावलं. खट्ट. भाकऱ्यांचं फडकं बांधलं, लोण्याची वाटी त्यात कोंबली, आणि उठल्या.

"अहो," त्या नानांना म्हणाल्या, "भाजी माझ्याकडे, भाकऱ्या माझ्याकडे. मी त्या झाडीत चाललेय. ज्याला जेवायचंय त्यानं यावं."

आणि निघाल्या. पण कुठल्या झाडीत? पलीकडच्या! आम्ही जिकडून आलो ती सोडून समोरच्या. "आई, मागे! मागे!" मी ओरडले, पण सासूबाई एकदा निघाल्या की निघाल्या. जेवण तिकडे गेलं म्हटल्यावर प्रशांत गेला, समीर गेला, मागून रेवा ईशाला काखोटीला मारून पळत गेली. मी नानांपाशी थांबले. त्यांनी घास ताटात ठेवला, उठले, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि एक शब्द न बोलता चालायला लागले. झाडीत पोहोचल्यावर त्यांनी ते ताट ईशाच्या पुढ्यात ठेवलं. "तू खा, बाळा." आणि स्वतः आमच्याकडे पाठ करून एका झाडाला टेकून उभे राहिले.

आता तुम्ही विचाराल, मग आला का हिमलोट? सगळे हेच विचारतात. नाही आला. एक ढेकूळ घरंगळलं नाही. उतार तसाच चमकत राहिला, आणि दर थोड्या वेळानं झाडाआडून नानांचा आवाज यायचा, "आली का गं दरड?" त्या दिवशी तो उतार सुटणार होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. या विद्येची हीच तर खोड आहे. तुम्ही बरोबर असलात तर काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही की लोक म्हणतात, उगाच केलंस.

ऊन उतरल्याशिवाय त्या पट्ट्यात परत पाय ठेवायचा नाही, असं मी सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, कारण आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. थर्मासमधला चहा फिरला. नानांनी तोही घेतला नाही. मी आईंना हळूच विचारलं, "तुम्हाला पटलं होतं का हो, मी म्हणत होते ते?"

"मला बर्फातलं ओ की ठो कळत नाही," आई म्हणाल्या. "पण तुझा आवाज कापत होता आणि तरी तू बोलत होतीस. शहाणपण मिरवायचं असतं तर आवाज कापला नसता. आता खा, भाकरी वातड होईल."

पुढे कडा सावलीत गेला, गारठा वाढला, बर्फ जरा आवळला. परत जायला दुसरी वाट नव्हती, पट्टा ओलांडायलाच हवा होता. मी म्हटलं, एकेकानं जायचं. एक पलीकडे झाडीत पोहोचला की दुसऱ्यानं निघायचं, बाकीच्यांनी नजर त्याच्यावर ठेवायची.

"एकेकट्यानं?" नाना इतक्या वेळानं पहिल्यांदा नीट बोलले. "डोंगरात माणसाला एकटं सोडायचं नसतं."

"इथे सोडायचं, नाना. एक पुरला तर बाकीचे काढतील. सगळे पुरलो तर कोण काढणार?"

त्यांनी काठी बर्फात रोवली. आधी प्रशांत ईशाला पाठुंगळी घेऊन गेला, मग रेवा, मग आई. मग समीर. मला शेवटी जायचं होतं, पण नाना अडून बसले. "शेवटी मी. हे मात्र मी कोणाचं ऐकणार नाही." वाद घालायला वेळ नव्हता. मी निघाले, मान वर करून उताराकडे बघायची हिंमत झाली नाही, आणि पोहोचले. मग नाना निघाले. माकडटोपी, समीरचं जुनं जॅकेट, हातात काठी. बरे येत होते. आणि पट्ट्याच्या मधोमध आले आणि थांबले.

त्यांच्या एका स्नोशूचा पट्टा सुटला होता. ते खाली वाकले, ओढाताण करायला लागले, तोल गेला, गुडघ्यावर आले. तो पाय खोल रुतला.

समीर धावला. धावलाच असता, मी त्याच्या जॅकेटची बाही धरली. दोन्ही हातांनी.

"सोड, मेघा!"

"नाही सोडणार."

"नाना आहेत ते!"

"म्हणूनच! तुझंही वजन तिथे पडलं आणि वरचं सुटलं तर? तुम्हा दोघांना मी एका फावड्यानं काढू?"

त्यानं हिसडा दिला. तो माझ्याहून दुप्पट, पण मी लोंबकळलेच त्याला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, आता जर वरून काही आलं, तर हा माणूस आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही. बापाकडे जाऊ दिलं नाही म्हणून. आईंकडे बघायचं तर मला धाडसच झालं नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "नाना! तो जोडा सोडा! तसेच या!"

"अगं, भाड्याचा आहे!" नाना तिथून ओरडले.

"जळो मेलं ते भाडं! या तुम्ही!"

त्यांनी तो जोडा उपसून बगलेत मारला, टाकला नाहीच. आणि यायला लागले. एक पाय वर, दुसरा मांडीपर्यंत आत. काठीवर जोर, पाय बाहेर, पुन्हा आत. दर पावलाला मी वर बघत होते आणि नागपूरच्या टेकडीच्या गणपतीपासून पुण्याच्या तळ्यातल्या गणपतीपर्यंत सगळ्यांना हाक मारत होते. ते झाडीच्या कडेशी आले तसे प्रशांतनं त्यांना आत ओढलं. नाना एका ओंडक्यावर बसले. दम लागलेला, ओठ निळसर, मिशांवर बर्फ. मग त्यांनी समीरकडे पाहिलं.

"तू का नाही आलास रे?"

समीर म्हणाला, "हिनं धरून ठेवलं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आता जे काय बोलतील ते ऐकायचं, असं ठरवून टाकलं.

"बरं केलंस," नाना म्हणाले. "एकच आहे तो मला." मग नाक पुसलं, घसा खाकरला. "आता सोड त्याला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, समीरची बाही अजून माझ्या मुठीतच होती.